पावणेचार इंची फिगर: ओ-रिंग बदलण्यापासून नवं पात्र घडवण्यापर्यंत

माळ्यावरचं खोकं उघडलं, जुना जी. आय. जो, म्हणजे हातापायांचे सांधे हलणारा तो छोटा खेळण्यातला सैनिक, हातात घेतला आणि त्याचे पाय कमरेपासून निखळून खाली पडले, तर फिगर टाकून देऊ नका. बहुतेक वेळा त्यातलं प्लॅस्टिक शाबूत असतं. आत एक काळी रबरी रिंग (ओ-रिंग) असते, ती वयाने वाळून तुटलेली असते. दहा-पंधरा रुपयांची रिंग आणि अर्धा तास एवढ्यात तो सैनिक पुन्हा उभा राहतो. जुन्या फिगर दुरुस्त करून त्यांतून नवी पात्रं घडवण्याच्या छंदात शिरायला याहून चांगला दरवाजा नाही, कारण ही फिगर एका स्क्रूवर पूर्ण उघडते आणि तिचा जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्या फिगरला बसतो. म्हणून या लेखात सगळं काम याच एका प्रकारावर दाखवलं आहे. रंग, गोंद आणि पुट्टीबद्दलचं जे सांगितलं आहे ते इतर छोट्या फिगरनाही लागू पडतं.

आधी हातात काय आहे ते ओळखा

हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने 1964 मध्ये जी. आय. जो आणला तेव्हा तो बारा इंची होता. आपल्याला हवा तो 1982 पासूनचा, पावणेचार इंची म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा. ही मालिका अमेरिकेत 1994 पर्यंत चालली. भारतात त्याच साच्यांवरून फनस्कूलने फिगर काढल्या. 1987 मध्ये एमआरएफने सुरू केलेली ही कंपनी, तिचा कारखाना गोव्यात. आपल्याकडच्या घरांमधून, रद्दीवाल्यांकडून, जुन्या बाजारातून मिळणाऱ्या बहुतेक फिगर फनस्कूलच्याच असतात. फिगरच्या अंगावर बारीक अक्षरात जे साल कोरलेलं असतं ते साच्याच्या हक्काचं असतं, फिगर तयार झाल्याचं नव्हे. त्यामुळे अंगावर ऐंशीच्या दशकातलं साल असलेली फिगर नव्वदच्या दशकात बनलेली असू शकते. रंगसुद्धा एका खेपेतून दुसऱ्या खेपेत बदललेले दिसतात. ‘चुकीचा रंग’ दिसला की लगेच कुणीतरी रंगवलंय असं समजू नका.

दोन वर्षं लक्षात ठेवा, कारण भाग बदलताना ती आडवी येतात. 1982 च्या फिगरचा हात दंडात फिरत नाही, 1983 पासून फिरतो. 1982 ते 1984 च्या फिगरचं डोकं फक्त डावी-उजवीकडे वळतं. 1985 पासून मानेत गोळा आला आणि डोकं वर-खालीही होऊ लागलं.

सुरुवातीला रंग उडालेली, अंगठे तुटलेली, कुणालाच नको असलेली फिगर घ्या. अशा तीन-चार एकदम मिळाल्या तर उत्तम. या छंदात सुटे भाग काढायच्या फिगरना ‘फॉडर’ म्हणतात आणि फॉडरचा डबा भरलेला असणं हेच खरं भांडवल. जी फिगर पूर्ण आहे, जिची बंदूक-सॅक-हेल्मेट सगळं जागेवर आहे, तिच्यावर हात साफ करू नका. तिला फक्त नवी रिंग घाला आणि ठेवून द्या.

सामान

एकदम सगळं विकत घेऊ नका. पहिल्या दिवशी एवढंच लागतं: बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर (0 नंबरचा, काही स्क्रूंना 1 नंबर), टोकदार चिमटा, क्रोशाची बारीक सुई, जुना टूथब्रश, एक पांढरी थाळी आणि ओ-रिंग. थाळी गरजेची आहे. स्क्रू आणि आतला, पाय धरून ठेवणारा धातूचा हुक उडून फरशीवर गेला की सापडत नाही.

ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानात, पंपाचे सील विकणाऱ्याकडे किंवा दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. मुंबईत मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी अशा ठिकाणी नगावर मिळते. बाहेरचा व्यास साधारण 16 मिमी आणि जाडी 2 मिमीच्या आतबाहेर हे माप धरून जा. जुन्या रिंगचा तुकडा सापडला तर व्हर्नियरने त्याची जाडी मोजा, पण लांबीवर विश्वास ठेवू नका, कारण वाळलेलं रबर आकसतं किंवा ताणून लांब झालेलं असतं. मोजलेल्या मापाची पाच आणि एक माप मागची-पुढची दोन-दोन घ्या. सगळ्या फिगरचं धड सारखं खोल नसतं.

दुकानदार विचारेल, साधी की सिलिकॉन? साधी काळी रिंग नायट्राइल रबराची असते. ती चिवट असते, पण हवेतल्या ओझोनने आणि काळाने कडक होते. सिलिकॉनची रिंग अनेक वर्षं मऊ राहते, पण तिला एक चीर पडली की त्याच जागी फाटते, म्हणून बसवताना चिमट्याचं टोक लावायचं नाही. शिकताना काळी वापरा. हात बसल्यावर ठेवणीतल्या फिगरला सिलिकॉन घाला.

उघडणं आणि ओ-रिंग बसवणं

फिगर पालथी धरा. पाठीच्या मध्यावर एक स्क्रू दिसेल. बऱ्याचदा त्याच्या खाचेत वर्षांची माती बसलेली असते. आधी ती टाचणीने कोरून काढा. खाच साफ न करता ड्रायव्हर लावला की तो अर्धाच बसतो आणि डोकं झिजतं. मग ड्रायव्हर सरळ उभा धरून आधी खाली दाब द्या आणि नंतर फिरवा.

स्क्रू निघाला की पाठ हळूच उचला. छातीचा भाग खालीच राहू द्या. आता आत बघा आणि मोबाइलवर फोटो काढा: दोन्ही हातांचे खांदे कोणत्या खाचेत आहेत, मान कशी बसली आहे, कमरेच्या तुकड्याचा कडा कुठे अडकला आहे. हा फोटो नंतर वाद मिटवतो. जुन्या रिंगचे तुकडे चिमट्याने काढा. काही वेळा ती तुटलेली नसते, तर विरघळून डांबरासारखी चिकट झालेली असते. तो चिकटा कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

आता समोर सात गोष्टी असतील: छाती, पाठ, डोकं, दोन हात, कंबर आणि हुकवरची पायांची जोडी. इंग्रजी टी अक्षरासारखा हा धातूचा हुक दोन मांड्यांच्या मधे बसतो. त्याच्या आडव्या दांडीची दोन टोकं मांड्यांच्या आतल्या भोकांत जातात आणि हुक वर येतो. तो गंजला असेल तर बारीक वॉटर पेपरने घासा, कारण गंजाची खरखर नव्या रिंगला कापते.

जोडणीचा क्रम असा ठेवा.

1. नवी रिंग हुकमध्ये अडकवा. मग हुकची टोकं दोन्ही मांड्यांत घालून पाय एकमेकांवर दाबून धरा. पावलं एकाच दिशेला आहेत ना आणि डावा-उजवा पाय बदललेला नाही ना हे आत्ताच बघा.

2. कमरेच्या तुकड्याच्या भोकातून क्रोशाची सुई वरून खाली घाला, रिंग तिच्यात पकडा आणि वर ओढून घ्या. पट्ट्याचं बक्कल पावलांच्याच बाजूला हवं. कंबर उलटी बसवणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि ती स्क्रू आवळल्यावरच लक्षात येते.

3. वर आलेलं रिंगचं टोक धडाच्या आतल्या खुंटीवर, म्हणजे ज्या खुंटीत स्क्रू जातो तिच्यावर, अडकवा. सुई तिरकी करून सोडा, झटका देऊ नका.

4. दोन्ही हात खाचांत ठेवा, डोकं ठेवा. मग दुसरा अर्धा भाग वरून बसवा आणि अंगठा-तर्जनीत घट्ट दाबून धरा. कडेला फट दिसली तर स्क्रूने ती मिटवायचा प्रयत्न करू नका. खांदा किंवा मान खाचेबाहेर आहे, उघडून नीट बसवा.

5. स्क्रू भोकात ठेवा आणि आधी उलटा फिरवा. बोटांना एक बारीक ‘टक’ जाणवेल. तिथे स्क्रू जुन्या आट्यांत उतरलेला असतो. तिथून सुलटा आवळा. ही एक सवय खुंटीचं आयुष्य कितीतरी वाढवते, कारण सरळ आवळलेला स्क्रू दर वेळी प्लॅस्टिकमध्ये नव्या आट्या पाडतो आणि चार-पाच वेळांत भोक गुळगुळीत होतं.

आता तपासा. पाय धरून हलकं ओढलं की कंबर आणि मांडी यांत दोन-तीन मिलिमीटर फट पडली पाहिजे आणि सोडल्यावर ती झटकन मिटली पाहिजे. फिगर बसवली तर बसून राहिली पाहिजे. पाय लोंबत असतील तर रिंग मोठी आहे. पाय आपोआप फाकत असतील किंवा वळवताना कमरेतून करकर ऐकू येत असेल तर रिंग लहान किंवा जाड आहे, ताबडतोब काढा. या प्रकारात कमरेचा तुकडा सगळ्यात नाजूक. दोन पायांच्या मधली त्याची पट्टी तुटली की ती चिकटवून टिकत नाही, कारण रिंगचा ताण दिवसरात्र त्याच जागेवर असतो. तिथे फॉडरमधली दुसरी कंबर हाच इलाज.

स्क्रू ऐकत नसेल तर

गंजलेला स्क्रू ताकदीने काढू नका. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक पाच सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, काढा, दहा सेकंद थांबा आणि मग फिरवून बघा. धातू तापून फुगतो आणि भोवतीची गंजाची पकड सुटते. पाचाचे पंधरा सेकंद केलेत तर आतली खुंटी वितळेल. खाच झिजली असेल तर ड्रायव्हर आणि स्क्रू यांच्यामधे रुंद रबरबँडचा तुकडा धरा, पकड येते.

खुंटीतलं भोक मोठं झालं असेल तर त्यात दाढीच्या ब्रशच्या केसाएवढी प्लॅस्टिकची काडी घाला, सुपर ग्लूचा एक थेंब सोडा, पूर्ण रात्र वाळू द्या आणि मग स्क्रूने नव्याने आट्या पाडा. गोंद ओला असताना स्क्रू घातला तर तो कायमचा बसतो. पुढच्या वेळी रिंग बदलता येणार नाही.

धुणं, डाग, पिवळेपणा

सुटे केलेले भाग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून अर्धा तास ठेवा आणि टूथब्रशने घासा. कढत पाणी नको. कोपर आणि गुडघ्यात धातूचे रिव्हेट असतात, त्यामुळे धुतल्यावर कापडावर झटकून पंख्याखाली रात्रभर वाळवा. नाहीतर आठवड्याभरात गुडघ्याभोवती तांबूस वर्तुळ दिसायला लागतं.

शाईचा किंवा स्केचपेनचा डाग मऊ प्लॅस्टिकवर असेल तर केमिस्टकडे मुरुमांसाठी मिळणारं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल डागावर लावा, वर क्लिंग फिल्म ठेवा आणि उन्हात दोन-तीन तास ठेवून पुसा. तीन-चार दिवस हे करावं लागतं. जेल डागाच्या बाहेर पसरलं तर तिथला रंगही उडतो, म्हणून टूथपिकने लावा.

पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर केमिस्टकडचं 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड काचेच्या बरणीत घेऊन त्यात भाग बुडवा आणि उन्हात ठेवा. दर तासाला भाग फिरवा, हातमोजे घाला. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. रंगवलेल्या किंवा रिव्हेट असलेल्या भागांवर हे करू नये. हे उपाय करूनही पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो, त्यामुळे दुर्मीळ फिगरला हात लावण्यापूर्वी तिथेच थांबायचं का ते ठरवा.

प्लॅस्टिक कोणतं, गोंद कोणता

चुकीचा गोंद हे तुटलेल्या फिगर आणखी बिघडण्याचं पहिलं कारण आहे. म्हणून आधी प्लॅस्टिक ओळखा. सुटा भाग ग्लासभर पाण्यात टाका. तरंगला तर तो पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन आहे. त्याला गोंद नीट धरत नाही आणि रंग सोलून निघतो, वेळ घालवू नका. बुडाला तर दुसऱ्या ग्लासात 200 मिली पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. कडक एबीएस तिथे तरंगतं, मऊ पीव्हीसी बुडतं. भागाला हवेचे बुडबुडे चिकटलेले नसावेत, ते फसवतात. रिव्हेट असलेल्या हाता-पायांवर ही परीक्षा चालत नाही.

एबीएसला मॉडेल बनवणाऱ्यांचं प्लॅस्टिक सिमेंट सर्वांत चांगलं. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. पीव्हीसीला सुपर ग्लू, म्हणजे आपलं फेविक्विक. जिथे वजन किंवा ताण येतो तिथे अराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी आणि आत तारेची खीळ. ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर टेबलावरच ठेवू नका. एबीएसचा पृष्ठभाग त्याने क्षणात चिकट आणि आंधळा होतो.

सुपर ग्लू जास्त झाला की आजूबाजूला पांढरी धूसर छटा उमटते. गोंदाची वाफ हवेतल्या दमटपणात बसते, त्यामुळे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे जास्त होतं. थेंब टूथपिकवर घ्या, ट्यूबमधून थेट सोडू नका. काम पंख्याच्या हलक्या वाऱ्यात करा आणि तास-दोन तास भाग बंद डब्यात ठेवू नका.

तुटलेला अंगठा

जाड मुठीची बंदूक जबरदस्तीने हातात घातली की अंगठा जातो. हे या फिगरचं ठरलेलं दुखणं आहे. सर्वांत सोपा उपाय दुसऱ्या फिगरचा पूर्ण हात. धड उघडलं की हात नुसता उचलून घ्यायचा असतो. तसाच हात मिळत नसेल तर अंगठा घडवावा लागतो.

तुटलेल्या जागी 0.6 मिमीच्या ड्रिल बिटने दीड-दोन मिलिमीटर खोल भोक पाडा. बिट हाताने फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये धरा. विजेवर चालणारं ड्रिल इतक्या लहान जागी प्लॅस्टिक वितळवतं आणि बिट त्यात अडकून तुटतो. भोकात अर्धा मिलिमीटर तांब्याची तार सुपर ग्लूने बसवा, तीन मिलिमीटर बाहेर ठेवा आणि अंगठ्याच्या वळणात वाकवा. दुसऱ्या दिवशी तारेभोवती इपॉक्सी पुट्टीचा मोहरीएवढा गोळा लावा. एम-सील चालेल, फक्त दोन्ही भाग समसमान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा. पट्टे राहिले तर तेवढा भाग मऊच राहतो. बोट पाण्यात बुडवून आकार द्या. पुट्टी ओली असतानाच हातात त्या बंदुकीच्या मुठीएवढी, तेलाचा हात पुसलेली काडी धरा, म्हणजे पकडीची पोकळी आपोआप तयार होते. रात्रभर वाळल्यावर 400 आणि मग 1000 नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा. कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

एवढं करूनही हा अंगठा मूळच्याइतका लवचीक नसतो. बंदुकीची मूठच नेल फाइलने घासून बारीक करा. आणि शाबूत हातांसाठी: बंदूक घालण्यापूर्वी हात मिनिटभर कोमट पाण्यात धरा. थंडीच्या सकाळी तर हे करायलाच हवं.

वाकडी झालेली बंदूक किंवा तलवार मऊ प्लॅस्टिकची असेल तर ती चहाच्या उकळीच्या अलीकडच्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घाला. थंड होण्याआधी हात सोडलात तर ती जुन्या वळणावर परत जाते.

नवं पात्र: आधी भाग, मग रंग

कस्टम फिगर म्हटलं की नवखे लगेच ब्रश उचलतात. आमचं ठाम मत उलटं आहे. जेवढं काम प्लॅस्टिकच्या मूळ रंगातून होईल तेवढं करून घ्या. खाकी हवे असतील तर खाकी प्लॅस्टिकचेच पाय शोधा. कारण रंग सांध्यात घासला जातो आणि आत मूळ रंगच असेल तर घासलेलं दिसत नाही.

उदाहरणादाखल सह्याद्रीत भटकणारा ट्रेकर करायचा आहे असं धरू. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांचे हात, खिशांची पँट असलेले पाय, हेल्मेट नसलेलं डोकं हे तीन वेगवेगळ्या फिगरमधून घ्या. डोकं 1985 पासूनचं आणि धड 1984 पर्यंतचं असेल तर मान बसणार नाही. धडाचीच खाच गोल कानसने थोडी थोडी मोठी करा आणि दर चार फेऱ्यांनी डोकं घालून बघा. गोळा घासू नका, तो एकदा लहान झाला की डोकं कायमचं डुलतं.

सामान करताना गणित सोपं आहे. ही फिगर साधारण 1:18 प्रमाणात बसते. चाळीस सेंटिमीटरची सॅक म्हणजे 22 मिमी. दहा मिलिमीटरचा दोर म्हणजे अर्धा मिलिमीटरचा धागा, म्हणजे गोधडी शिवायचा दोरा नेमका चालतो. दोऱ्यावर पातळ केलेलं फेव्हिकॉल फिरवून त्याचं वेटोळं घाला. नुसता दोरा केसाळ दिसतो आणि इतक्या लहान आकारात ते केस डोळ्यात भरतात. सॅक पुट्टीची करा, पण फिगरच्या पाठीला चिकटवू नका. पाठीवर सामान अडकवायचं भोक असतं, सॅकला त्या मापाची खुंटी द्या. स्क्रू पाठीवरच आहे. तो झाकला गेला तर पुढच्या वेळी रिंग बदलण्यासाठी सॅक फोडावी लागेल.

रंग

फक्त पाण्यावरचे ॲक्रिलिक वापरा. इनॅमल आणि स्प्रेचे बरेचसे डबे मऊ पीव्हीसीवर कधीच पूर्ण वाळत नाहीत. पीव्हीसी मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य वर येऊन रंगात मिसळतं आणि फिगर महिनोन्महिने चिकट राहते. प्रायमर किंवा वार्निश नवा असेल तर आधी पायाच्या तळव्यावर लावा, 24 तासांनी नखाने दाबून बघा.

रंगवायच्या आधी भाग अल्कोहोलने पुसा आणि 600 नंबरच्या पेपरने हलका चरा पाडा. मग प्रत्येक सांधा दहा वेळा हलवा आणि प्लॅस्टिक कुठे चकाकलं ते बघा. तिथे दोन भाग एकमेकांवर घासतात. तेवढी जागा आठ-दहा वेळा घासून रंगाच्या थराला वाट करून द्या आणि सांध्याच्या आतल्या बाजूला रंग लावूच नका. हे टाळलं की पहिल्याच दिवशी खांद्यावरचा रंग सालपटासारखा निघतो.

कॅमलचे ट्यूबमधले ॲक्रिलिक चालतात, पण ते घट्ट असतात. दुधाइतके पातळ करा. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर, प्रत्येक थरामधे वीस-पंचवीस मिनिटं, आणि शेवटचा थर झाल्यावर सांधे हलवण्यापूर्वी 24 तास. पावसाळ्यात 48 तास.

चेहरा हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आनंदाचा भाग. डोकं टूथपिकवर ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीने) उभं करा. डोळा एक मिलिमीटरपेक्षा लहान असतो, म्हणून तो ‘काढायचा’ नसतो, उरवायचा असतो. त्वचेचा रंग वाळल्यावर डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी रेघ भरा. तिच्यावर मळकट पांढऱ्याचा इतका छोटा ठिपका ठेवा की वर तपकिरी कड शिल्लक राहील, तीच पापणी. शुभ्र पांढरा घेऊ नका, चेहरा दचकलेला दिसतो. बुबुळ टूथपिकच्या टोकाने ठेवा आणि ते वरच्या पापणीला टेकलेलं हवं. सगळीकडून पांढरं दिसलं की पुन्हा तोच दचकलेला चेहरा. एक डोळा बिघडला तर दोन्ही पुसून नव्याने करा. एकट्याला दुरुस्त करताना दोन्हींची नजर जुळत नाही. श्वास सोडल्यानंतरच्या क्षणी ब्रश टेकवा आणि मनगट टेबलाला टेकलेलं ठेवा.

कपड्यांच्या चुण्यांसाठी गडद तपकिरीचा एक थेंब, आठ-दहा थेंब पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा किंचित अंश मिसळून फिरवा आणि उंचवट्यांवरून लगेच कोरड्या ब्रशने टिपा. शेवटी मॅट वार्निश. बाटली दोन मिनिटं ढवळा, हलवून भागत नाही. तळाशी बसलेली पूड नीट मिसळली नाही तर कुठे चकाकी तर कुठे पांढरे डाग येतात. पावसाळ्यात वार्निशचा स्प्रे मारू नका, दमटपणामुळे पृष्ठभाग धुक्यासारखा पांढुरका होतो. त्या महिन्यांत ब्रशने लावायचं पाण्यावरचं वार्निशच बरं.

सांधा रंगानंतर अडकला तर सिलिकॉन तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या. आत सिलिकॉनची रिंग असेल तर मात्र कमरेजवळ हे तेल नको, त्याने ती फुगते. उलट, जुना गुडघा सैल असेल तर सांध्यात ॲक्रिलिक वार्निशचा पातळ थेंब सोडा आणि वाळेपर्यंत दर दहा मिनिटांनी गुडघा हलवत राहा.

ठेवणं

मऊ प्लॅस्टिकची बंदूक, पट्टा किंवा रबरी हेल्मेट कडक प्लॅस्टिकला टेकलेलं ठेवून वर्षभर डबा बंद केला की तिथे खड्डा पडतो. मऊ प्लॅस्टिकमधलं तेच द्रव्य एबीएसला हळूहळू विरघळवतं. शस्त्रं आणि सामान वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर फिगरचं नाव लिहा. फिगर उभी ठेवा किंवा पाय सरळ ठेवून आडवी ठेवा. बसलेल्या अवस्थेत ओ-रिंग सतत ताणलेली राहते. लहान मुलाच्या हाती रंगवलेली फिगर देऊ नका, सुटा हुक आणि स्क्रू तर मुळीच नको. डब्याच्या झाकणाच्या आत रिंग बदलल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवा, आणि सोबत त्याच मापाच्या दोन रिंगा थोडी टॅल्कम पावडर लावून बंद पिशवीत टाका.